ताडोबाच्या फोटोत ताडोबा कुठंय?

उन्हाळा लागला की फोनवर ताडोबाचे वाघ यायला लागतात. पाणवठ्यात मागचे पाय बुडवून बसलेला, धुळीच्या रस्त्यावरून सरळ जिप्सीकडे चालत येणारा, बछड्याला चाटणारी वाघीण, आणि खाली काय तर वाघिणीचं नाव, गेटचं नाव, कॅमेरा, लेन्स, शटर स्पीड. फोटो चांगलेच असतात, काही तर अप्रतिम असतात, ते काढायला उन्हातान्हात तासन्‌तास बसावं लागतं हे मला माहितीये कारण मीही तेच करतो. पण हे फोटो एकामागून एक बघत गेलं तर ताडोबाबद्दल आपल्याला कळतं काय? इथे वाघ आहेत, एवढंच. ते कुणाच्या शेजारी राहतात, त्यांच्या वाटेत काय काय आडवं येतं, त्यांच्यामुळे कुणाचं काय जातं आणि कुणाला काय मिळतं, यातलं काहीही नाही. लाखो लोकांना जंगल म्हणजे काय ते आपल्यासारख्यांच्या फोटोंतून कळतं, त्यावरूनच शहरातली माणसं मतं बनवतात, मग ते चित्र अर्धवट असेल तर त्याचा भुर्दंड जंगलाला आणि जंगलाकाठच्या गावांना बसतो. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की हातात चांगला कॅमेरा घेऊन सफारीला जाणाऱ्याने तिथली पूर्ण गोष्ट सांगायला पाहिजे, आणि ते जमत नसेल तर निदान अर्धी गोष्ट पूर्ण म्हणून खपवू नये.

या जंगलाचा देव कोण, तर तारू. तिथल्या लोकांच्या सांगण्यानुसार तो गोंडांचा गावप्रमुख, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. तलावाच्या काठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात आजूबाजूचे आदिवासी तिथे जत्रेला जातात. म्हणजे वाघ आणि माणूस यांची गोष्ट इथे पहिल्यापासून एकत्रच सांगितली गेलीये, वेगळी काढली ती आपण. १९५५ ला राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प झाला, आज कोअर, म्हणजे आतलं राखीव जंगल, साधारण ६२५ चौरस किलोमीटर आणि बफर, म्हणजे त्याभोवतीचा गावं असलेला पट्टा, त्याच्या पावणेदोन पटीच्या आसपास. कोअरमधली काही गावं उठून बाहेर गेली. जामणीच्या ज्या कुरणात आज इतके सुंदर फोटो मिळतात, उघडं गवत, मागून येणारा संध्याकाळचा उजेड, मध्ये वाघ, ते कुरण म्हणजे एका गावाची शेतं होती. तिथल्या फोटोखाली हे एका वाक्यात लिहिलेलं तुम्ही कधी वाचलंय? लिहिल्याने फोटो काही वाईट दिसत नाही, उलट ते गवत का आहे, चितळं तिथे का जमतात आणि त्यांच्यामागे वाघ का येतो हे बघणाऱ्याला समजतं.

आता उन्हाळ्याकडे परत येतो, कारण सगळ्या गोष्टीचा गाभा माझ्या मते तिथे आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. फुलं रात्री आणि पहाटे गळतात, ती वेचायला बायाबापड्या अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघतात, झाडाखाली वाकून एकेक फूल उचलतात. त्याच वेळेला गेटवर आपल्या जिप्स्यांची रांग लागलेली असते. मे महिना आला की तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं. ७० पानांचा एक पुडा, असे किती पुडे होतात त्यावर घरातल्या सगळ्यांची मजुरी, आणि त्या पंधरा-वीस दिवसांच्या पैशावर पेरणीचं बियाणं, पोरांच्या वह्या, कुणाचं औषधपाणी. म्हणजे जे ऊन वाघाला पाण्यावर आणतं आणि आपल्याला सायटिंग देतं, त्याच उन्हात गावातल्या बाईला जंगलात जावंच लागतं. आपला सीझन आणि तिचा सीझन एकच आहे. वाकून काम करणारं माणूस वाघाला सावजासारखं दिसू शकतं हे जंगलखात्यातली आणि गावातली माणसं कायम सांगतात, आणि मोहावर अस्वल असतं ते वेगळंच.

मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल गावच्या तीन बाया तेंदूपत्ता तोडायला गेल्या असताना एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या, आणि त्या महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात एवढंच झालं नाही, मृत्यूंची रांगच लागली होती. त्याच आठवड्यात ताडोबाच्या पाणवठ्यांवरचे फोटो नेहमीसारखेच फिरत होते. फोटो टाकणाऱ्यांना दोष देत नाही, बहुतेकांना हे माहीतही नसणार, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. एकाच जिल्ह्यात दोन गोष्टी घडतात आणि एकीचा पत्ता दुसरीला लागत नाही, इतकं आपलं जंगलाचं चित्र तुकड्यांचं झालंय.

नोव्हेंबर २०२१ चं अजून एक. वाघांची देशभरातली मोजणी चालू होती, त्यासाठी ताडोबाच्या कोलारा भागात पायी खुणा नोंदवत फिरताना वनरक्षक स्वाती ढुमणे यांच्यावर माया वाघिणीने हल्ला केला, त्यात त्या गेल्या. मायाचे फोटो आपल्यापैकी कित्येकांच्या भिंतीवर आहेत, २०२३ ला ती दिसेनाशी झाली तेव्हा लोकांनी पानंच्या पानं लिहिली, आणि त्यात गैर काही नाही, ती होतीच तशी. पण त्या मोजणीतून जो आकडा आला, देशात ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४, तो आपण अभिमानाने शेअर केला, आणि तो आकडा गोळा करायला रोज पायी, काठी घेऊन, जिप्सीशिवाय जंगलात जाणारी माणसं आपल्या एकाही फ्रेममध्ये नव्हती. वनरक्षक, वनमजूर, कॅमेरा ट्रॅपची (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याची) बॅटरी बदलायला जाणारा पोरगा, पाणवठ्यात सोलर पंपाने पाणी पडतंय का बघणारा माणूस, यांच्या कामाचे फोटो काढायला ना मोठी लेन्स लागते ना नशीब लागतं.

लेन्सचंही बोलायलाच पाहिजे. ६०० एमएमची लेन्स लावली की जेमतेम ४ अंशांचं जग दिसतं, त्यात अपर्चर पूर्ण उघडं, म्हणजे मागचं सगळं मऊ हिरवट-पिवळं होऊन जातं. बाजूची जिप्सी गेली, विजेचा खांब गेला, वाळलेला बांबू गेला, पाणवठ्याला सिमेंटचा काठ आहे तोही गेला. उरतो डोळ्याला डोळा भिडवणारा वाघ, जणू बघणारा आणि तो दोघंच जंगलात होते. हे तंत्र वाईट नाही, पोर्ट्रेटला ते लागतंच, पण दहातले दहा फोटो असेच असतील तर बघणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी घट्ट बसतात: एक, जंगल म्हणजे माणूस नसलेली जागा. दोन, वाघ इतक्या जवळून दिसायलाच पाहिजे, नाही दिसला तर पैसे वाया गेले. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे, कारण ती थेट गाईड आणि ड्रायव्हरच्या मानेवर बसते. पर्यटक मोबाईलमधला फोटो दाखवून म्हणतो की मला असा पाहिजे, आणि टीप त्यावर ठरते.

याचा शेवट काय होतो ते ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. एफ-टू वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर, आणि दोन्ही बाजूंनी जिप्स्या, त्यांना जायला वाटच नाही. फोटो आणि व्हिडिओ बाहेर आले, पेपरात छापले गेले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि ड्रायव्हरवर कारवाई झाली. त्या दिवशी तिथे असलेल्या भारीभारी कॅमेऱ्यांत वाघिणीचे आणि पिल्लांचे कितीतरी क्लोजअप असतील, पण कामाला आला तो फोटो ज्यात जिप्स्या दिसत होत्या. फ्रेम मोठी केल्याबरोबर गोष्ट कळली, कोर्टालाही कळली. मला तर वाटतं त्या हिवाळ्यात विदर्भातल्या जंगलाचं सगळ्यात जास्त भलं करणारा फोटो तोच होता. आणि शिक्षा गाईड-ड्रायव्हरला झाली तरी ज्यांच्या हौसेसाठी गाड्या तिथे उभ्या होत्या त्या मागच्या सीटवरच्या लोकांनी, म्हणजे आपणही, यावर विचार करायला नको का?

असे फोटो निघतात, आपल्याकडेही निघालेत. मुंबईच्या नयन खानोलकर यांनी आरे कॉलनीतल्या वारली पाड्याच्या बोळातून रात्री जाणाऱ्या बिबट्याचा फोटो काढला, २०१६ ला लंडनच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी विभागात तो पहिला आला. त्यात बिबट्या बघा, त्याने सगळी फ्रेम व्यापलेली नाही. घरं आहेत, वाट आहे, दिव्याचा उजेड आहे. बिबट्या आणि माणसं एकाच वाटेवर वेगवेगळ्या वेळेला चालतात ही गोष्ट त्यात एका नजरेत कळते आणि बघणाऱ्याच्या डोक्यातलं "बिबट्या शहरात घुसला" हे वाक्य हलायला लागतं. त्यासाठी त्या पाड्यात वारंवार जावं लागलं असणार, लोकांशी ओळख, जनावराच्या सवयींचा अभ्यास, कॅमेरा ट्रॅप लावून वाट बघणं. जिप्सीत बसून तीन तासांत हे होत नाही, मान्य.

पण काही गोष्टी तीन तासांतही होतात. २०२४ च्या फेब्रुवारीत ताडोबाच्या बफरमधला एक छोटा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता, भानुसखिंडी वाघिणीचा बछडा पाण्यातून प्लास्टिकची बाटली तोंडात धरून चाललाय. काढणाऱ्याने चेहऱ्याचा क्लोजअप घेऊन बाटली टाळली असती तर तो शेकडो बछड्यांसारखा एक बछडा झाला असता. तसंच २०१७ साली गाजलेला, बिप्लब हाजरा यांनी पश्चिम बंगालमध्ये बांकुड्याला काढलेला हत्तीण आणि पिल्लाचा फोटो, मागे माणसांचा जमाव, अंगावर जळते गोळे फेकलेले आणि पिल्लू आगीत सापडलेलं. बघवत नाही, पण हत्ती हाकलताना आपल्याकडे काय चालतं हे त्याआधी वाचून माहीत असलेल्यांनाही त्या फोटोने हलवलं. आणि तिकडे अमेरिकेत लॉस एंजेलिसला पी-२२ नावाचा प्यूमा (तिकडचं मांजरकुळातलं मोठं जनावर) दोन मोठे फ्रीवे, म्हणजे महामार्ग, ओलांडून शहरातल्या पार्कात येऊन राहिला होता, स्टीव्ह विंटर यांनी महिनोन्‌महिने कॅमेरा ट्रॅप लावून २०१३ ला त्याचा हॉलिवूडच्या त्या प्रसिद्ध अक्षरांसमोरचा फोटो मिळवला. तो प्यूमा शहराचा लाडका झाला, फ्रीवेवरून जनावरांसाठी पूल हवा या मोहिमेचा चेहरा झाला, २०२२ ला पुलाचं काम सुरू झालं. फोटोने एकट्याने पूल बांधला असं मी म्हणणार नाही, शास्त्रज्ञ होते, पैसे देणारे होते, पण ज्या गोष्टीसाठी पैसे मागायचे ती लोकांना डोळ्यांनी दिसली ती त्या फोटोमुळे.

आता हेच चंद्रपूरला लावून बघा. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये चंद्रपूर-गोंदिया रेल्वे मार्गावर जुनोन्याजवळ वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले. त्या रुळांचा फोटो कुणाच्या पोर्टफोलिओत आहे? चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं, त्याच्या आवारातल्या झुडपात वाघ-बिबटे फिरतात, भोवती कोळशाच्या खाणी, राखेचे तलाव. ती वीज राज्यभर जाते, आपण रात्री फोटो एडिट करतो तो लॅपटॉप कदाचित तिच्यावरच चालतो. चिमणीच्या पार्श्वभूमीवर वाघाचे ठसे, ही ताडोबाइतकीच चंद्रपूरच्या वाघाची गोष्ट आहे, आणि ती सांगायला सफारीचं बुकिंगही लागत नाही. जिल्ह्यातले कितीतरी वाघ व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर राहतात, ब्रह्मपुरीच्या बाजूला धानाच्या बांध्या आणि जंगल असं एकमेकांत शिरलेलं आहे, तिथे शेतकरी रात्री जागलीला जातो आणि वाघही रात्रीच चालतो.

यावर मला नेहमी तीन गोष्टी ऐकवल्या जातात. पहिली, की आम्ही सुट्टीत आनंदासाठी जातो, आम्हाला पत्रकार व्हायचं नाही. ठीक आहे, आनंद घ्याच. पण फोटो पन्नास हजार लोकांपुढे ठेवला की तो आनंद सार्वजनिक होतो, आणि दोन ओळी जास्त लिहायला वेळ तो किती लागतो. कोरड्या नाल्यात वाघ बसलाय तर नाला का कोरडा, पाणवठ्यात पाणी कुठून येतं, हे गाईडला विचारलं तर तो आनंदाने सांगतो, त्याला कुणी विचारतच नाही.

दुसरी जरा वजनदार आहे. वाघाच्या देखण्या फोटोंमुळेच लोक येतात, त्यातून बफरच्या गावांतल्या पोरांना गाईडचं, जिप्सीचं, रिसॉर्टमधलं काम मिळतं, मग तुम्ही दुःख दाखवून ते का बंद पाडता. हे मी हलकं घेत नाही. मोहर्ली, कोलारा, आगरझरी या भागात पर्यटनाने खरोखर घरं उभी राहिलीत, बायका जिप्सी चालवायला शिकल्यात, गाईड झाल्यात. पण मग तेच दाखवा ना! ती जिप्सी चालवणारी बाई ही किती मोठी गोष्ट आहे. जी आई मोहाला जाते तिची मुलगी गाईड आहे, एकाच घरात वाघाची भीती आणि वाघाचा पगार दोन्ही आहे, यापेक्षा दमदार कथा मला तरी माहीत नाही. आणि पूर्ण गोष्ट कळलेला पर्यटक यायचा थांबत नाही, तो परत येतो आणि वाघ नाही दिसला तरी गाईडवर चिडत नाही. हे मी माझ्यासोबत आलेल्या लोकांत बघितलंय.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, की दुसऱ्याचं दुःख हा आपला विषय कसा काय. बरोबर आहे, आणि इथे रेघ फार कडक पाहिजे. हल्ला झालेल्या घरी कॅमेरा घेऊन धडकणं, मृतदेहाचे फोटो ग्रुपवर फिरवणं, रडणाऱ्या बाईचा क्लोजअप ब्लॅक अँड व्हाइट करून स्पर्धेला पाठवणं, हे मी अर्थपूर्ण फोटोग्राफी मानत नाही. माणूस गेल्यावर सरकार २५ लाख देतं हे आपण पटकन सांगतो, पण त्या घरात पुढच्या मे महिन्यात परत कुणीतरी जंगलात जातंच, आणि फोटो घ्यायचाच असेल तर तो त्या जाण्याचा घ्यावा, विचारून, नाव छापायचं की नाही ते त्यांनी ठरवून, आणि छापलेली प्रत त्यांच्या हातात देऊन. शिवाय गावात फक्त दुःख आहे असंही नाही. हल्ल्यानंतर जमाव आवरायला, लोकांना सावध करायला गावातल्याच तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत, सीतारामपेठसारख्या गावाजवळ जंगलाच्या कडेला कॅमेरे बसवून वाघ जवळ आला की सूचना मिळेल अशी सोय केलीये, बाया मोहाला एकटं न जाता घोळक्याने जातात, ठराविक अंतराने हाका मारतात. माणसं वाघाबरोबर राहायच्या युक्त्या रोज शोधताहेत, हे दाखवण्यासारखं नाही का?

आणि पावसाळा. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतं, म्हणजे जंगल खरं वाढतं ते तीन महिने आपल्या अल्बममधून गायब. बफर चालू असतं, गर्दी नसते, रोवणी चालू असते, गुराखी गुरं घेऊन जंगलाच्या काठाने जातात. वाघ दिसायची शक्यता कमी म्हणून लोक येत नाहीत. गोष्ट सांगायची असेल तर मला तो काळ उन्हाळ्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

हे फक्त ताडोबाचं आहे असंही नाही. आपल्याकडून आता पुणे-मुंबईहून फोटो टूर केनियाला मसाई माराला जातात, जुलै ते ऑक्टोबर, नदी ओलांडणारे विल्डबीस्ट हा एकच शॉट डोक्यात घेऊन. रिझर्व्हला लागून असलेल्या खाजगी-सामुदायिक जमिनी मसाई मालकांनी भाड्याने दिल्यात, त्यावर गाड्या कमी आणि जनावरं निवांत, गुरं आणि सिंह यांचा हिशोब तिथले लोक बसून ठरवतात. आपल्या विदर्भाला शिकण्यासारखं तिथे भरपूर आहे, पण परत आलेल्या माणसाच्या स्लाइड शोमध्ये मसाई असतो तो लाल कपड्यात उंच उड्या मारणारा, त्याच्या जमिनीच्या कराराबद्दल चकार शब्द नाही. दहा दिवस तिथे राहून एवढं तरी विचारून यावं.

काय करता येईल याबद्दल माझ्या मागण्या साध्या आहेत. नागपूर, पुणे, मुंबई, कोल्हापूरला वन्यजीव फोटोंच्या स्पर्धा आणि प्रदर्शनं होतात, तिथे निदान एक विभाग असा ठेवा की ज्यात एकच फोटो चालणार नाही, सहा-आठ फोटोंची मालिका आणि सोबत दीड-दोनशे शब्द लागतील, आणि परीक्षकांत एखादा वनरक्षक किंवा गावातला माणूस असेल. वाघाने किंवा पिल्लांनी रस्ता बदलला, गाड्यांनी घेरलं असं ज्या फोटोत जाणवतं तो कितीही शार्प असला तरी बाद करा, आणि बाद का केला ते जाहीर सांगा. फोटो टूर चालवणाऱ्यांनी चार सफाऱ्यांपैकी एक सकाळ गावात, नाहीतर वनमजुरांसोबत परवानगी घेऊन ठेवावी, त्याचे त्या लोकांना पैसे द्यावेत, फुकट "अनुभव" मागू नये.

आणि सगळ्यात जास्त मला हे व्हावंसं वाटतं की कॅमेरे गावातल्या पोरापोरींच्या हातात जावेत. गाईड लोकांची नजर आपल्यापेक्षा कितीतरी पुढे असते, कॉल कुठून आला, चितळाची शेपटी का उभी आहे हे त्यांना आपल्याआधी कळतं, त्यांच्याकडे नाही ती फक्त सामग्री आणि कुणीतरी बघणारं. शहरातल्या हौशी लोकांच्या कपाटात जुन्या बॉडी आणि किट लेन्स धूळ खात पडल्यात, त्या गोळा करून मोहर्ली किंवा कोलाऱ्याला वर्षभराची कार्यशाळा चालवता येईल, शिकवणारे आपल्यातलेच आळीपाळीने जातील. विषय त्यांनी निवडायचा, मोह असो, जागल असो, त्यांच्याकडे येणारे पर्यटक असोत, आणि त्यातले फोटो मोठे छापून गेटवरच लावायचे, जिथे पास तपासेपर्यंत लोक अर्धा तास नुसते उभे असतात. परवानगी जंगलखात्याने द्यावी, छपाईचा खर्च आपल्या फोटो क्लबांनी उचलावा, एका चांगल्या ट्रायपॉडच्या किमतीत पहिलं प्रदर्शन सहज होईल.